शिट्टीचे दोन दात

माझे सासरे धोंडीबा तोंड बघून पारख करतात. चेहरा बघून नव्हे, तोंड उघडून, आतलं बघून. राणीसावरगावच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या घरांत हा गुण मोठा मानतात, कारण मेंढीचं वय दातांत असतं आणि तब्येत हिरडीत. ही दोन दाती, ही चार दाती, ही म्हातारी, हे ते एका नजरेत सांगतात. मग अंगठ्याने ओठ खाली ओढायचा. हिरडी गुलाबी दिसली तर सौद्याला बसायचं, पांढरी फटक दिसली तर "हिच्या अंगात रगत न्हाई" म्हणून पुढच्या मेंढीकडे सरकायचं. चाळीस वर्षांत एकदाही फसलो नाही, असं ते स्वतःच सांगतात, त्यामुळे खरं मानावं लागतं.

मला बघायला आले तेव्हा बाकीचे लोक शिक्षण, स्वयंपाक विचारत होते आणि सासरे म्हणाले, "पोरी, जरा हस की." मी लाजून हसले. घरी जाऊन त्यांनीच निकाल दिला, "सोयरीक पक्की करा, दात लय चांगले हायेत." माझी बारावी सायन्सची टक्केवारी कुणी विचारलीच नाही. सत्तर टक्के होते हो! तो राग माझ्या मनात अजून ताजा आहे. पुढे मी गावची आशा कार्यकर्ती झाले, निम्म्या गावाला साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्यायला लावते, पण घरात माझं कोण ऐकतंय?

घरात दोन रुग्ण. सासूबाई केवळाबाई, यांना मी आत्याबाई म्हणते, सहा वर्षांपासून साखरेच्या. आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, दिवसाला एक अख्खा बंडल बिडी ओढणारे. पण ते स्वतःला रुग्ण मानत नव्हते. ते स्वतःला डॉक्टर मानत होते.

याचं कारण सकाळचा कार्यक्रम. नवराबायको दोघं अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर शेजारी शेजारी बसून राखुंडीने दात घासत. आत्याबाईंनी चूळ टाकली की फरशीवर लाल. हिरड्या सुजलेल्या, बोट लागलं तरी रक्त. मामांची चूळ स्वच्छ. ती फरशीवर पडली की ते मान तिरकी करून तिच्याकडे असं बघायचे, जसं काही पोरगं पहिल्या नंबरानं पास झालंय.

"बग भागवतचे माय," ते आत्याबाईंना म्हणायचे, "एक थेंब तरी दिसायलाय का? बिडीच्या धुरानं हिरडी भाजून निघती. पक्की व्हती, विटंवाणी."

"मंग मी बी ओढू का काय?" आत्याबाई वैतागून म्हणायच्या.

"ओढ की! इलाज म्हणून ओढ. कोण नगं म्हणतंय?"

आणि एके दिवशी आत्याबाईंनी खरंच ओढली. मी आतून पीठ मळत होते, बाहेर असा ठसका उठला की दारातली शेळी दावं तोडून पळाली. बाहेर येऊन बघते तर आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर, आणि मामा त्यांच्या पाठीवर थापट्या मारत म्हणतायत, "पयल्या डोसाला असंच व्हतं." त्या दिवशी मी सासऱ्यांना जे बोलले ते सुनेने बोलू नये. पण बोलले, आणि मला बरं वाटलं.

आता शिट्टीचं सांगते, कारण सगळं घर त्या शिट्टीवर चालतं. मामांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक बारीक फट आहे. जीभ मागून लावून ते त्या फटीतून अशी शिट्टी घालतात की पलीकडच्या टेकडीवर ऐकू जाते. बोटं लागत नाहीत, काही नाही. एक तुटक शिट्टी म्हणजे थांबा. लांब, शेवटी वर चढत जाणारी म्हणजे मागे वळा. एकशे चाळीस मेंढरं एका दमात माना वळवतात. रानात मेंढरं बसवायला शेतकरी मामांनाच बोलावतात, कारण यांची मेंढरं शेजारच्या पिकात तोंड घालत नाहीत. खत पडतं आणि भांडण होत नाही. ही इज्जत त्या फटीची होती आणि मामांना ते पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर परभणीहून दातांचं शिबिर आलं. शाळेच्या वर्गात खुर्ची मांडलेली, बॅटरी, आरसे, आणि डॉक्टर अपेक्षा. वालूरची मुलगी, तिशीही गाठलेली नसेल. मी आत्याबाईंना हाताला धरून नेलं. मामा मागून आले, उपचाराला नव्हे, मजा बघायला. येताना पारावरची चार माणसंही घेऊन आले.

डॉक्टरांनी खुणा केलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे घालून खोली बघितली. आत्याबाईंची कुठे चार, कुठे पाच मिलिमीटर, आणि जिथे टेकवावी तिथे रक्त. निरोगी हिरडीत ती तीनच्या पुढे जात नाही म्हणे. मामांनी सगळ्यांकडे वळून डोळा मारला.

"डॉक्टरीणबाई," ते उभे राहून म्हणाले, "आता हितं बगा. मपल्या तोंडातून एक थेंब रगत काढून दावा. निघालं तर ह्या चार माणसांदेखत बिडी सोडतो."

"बसा बाबा," डॉक्टर म्हणाल्या.

मामा राजासारखे बसले. सळई आत गेली. पाच. पुढच्या दाताला सहा. शिट्टीच्या डाव्या दाताला आठ! आत्याबाईंच्यापेक्षा दुप्पट खोल, आणि रक्त? शपथेला नाही. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बघितलं. पारावरची मंडळी श्वास रोखून उभी. शेवटी डॉक्टरांनी सळई बाहेर काढली, ती कोरडी.

"जितलो!" मामा खुर्चीतच उडाले. चौघांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर "धोंडीबा की जय" म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "बाबा, तुम्ही जिंकलात. आता जरा तोंड उघडा." आणि त्यांनी दोन बोटांत डावा दात धरून हलवला. तो पुढे मागे झुलला. उजवाही थोडा हलला, डाव्याइतका नाही. टाळ्या आपोआप थांबल्या.

"आजींचं रक्त येतंय, पण दात अजून घट्ट आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं रक्त येत नाही, आणि आतलं हाड निम्मं गेलंय."

मामांनी स्वतः दाताला जीभ लावून बघितली. मग कुणी न सांगता ते पुन्हा खुर्चीत टेकले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हिरडीच्या कडेला जंतू साठतात. ते आले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात, हिरडी लाल होते, सुजते, रक्त येतं. म्हणजे शरीर आरडाओरडा करतं. साखर वाढलेली असली की या पेशी सुस्तावतात, जंतू मारायला कमी पडतात, पण कालवा मात्र भलताच करतात आणि त्या धुमाकुळात आपलीच हिरडी आणि हाड खराब करतात. बिडीचं वेगळं. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पेशींची धारही बोथट होते. सूज नाही, रक्त नाही, ठणका नाही. जंतू मात्र आत खुशाल हाड पोखरत बसतात.

मामांनी आत्याबाईंकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी हिचं कुत्रं रातभर भुकायलंय, अन् लांडगं सोडून आपल्याच मेंढरांला चावायलंय."

"बरोबर."

"अन् मपल्या कुत्र्याचं तोंड मीच बांधलंय."

डॉक्टर अपेक्षांनी हातातली सळई खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा, मला पाच वर्षं कॉलेजात शिकून हे इतकं सोपं सांगता आलं नसतं." मामांना एवढं कौतुक पुरलं असतं, पण त्यांना दुसरीच फिकीर होती.

"बाई, दात ऱ्हातील का? मला ह्यानं शिट्टी घालावी लागती."

"उजवा राहील, बिडी सोडलीत तर. डाव्याची खात्री देत नाही, फार उशीर झालाय. परभणीला येऊन हिरड्या साफ करून घ्या दोघंही. आणि सध्या शिट्टी बंद." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ताई, एक लक्षात ठेवा. बिडी सुटली की थोड्या दिवसांनी यांच्या हिरड्यांतून रक्त येईल. घाबरू नका, ते बरं होत असल्याचं लक्षण आहे." हे मी मामांना सांगायला गेले तर ते वर्गाच्या बाहेर पोचले होते आणि बंडल पंडितच्या हातात कोंबत होते. पंडित म्हणजे आमच्या रानाशेजारचा शेतकरी, त्यालाही बिडीची तलफ, त्यामुळे त्याची चंगळ झाली.

पैज जिंकलेल्या माणसाने बिडी सोडली, असं गावात पहिल्यांदाच घडलं. पण पुढचे दिवस काय सांगू! मामा बडीशेप खात होते, खडीसाखर आत्याबाईंपुढे खाऊ नका म्हणून मी हिसकावून घेत होते, घरात चमचा पडला तरी ते खवळत होते. परभणीला दोनदा जाऊन दोघांच्या हिरड्या साफ झाल्या. आत्याबाईंच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या, मी चहातली साखर बंद केली, आणि त्या रोज पांदीच्या वाटेने चालत वस्तीपर्यंत जाऊन येऊ लागल्या. महिन्याभरात त्यांची चूळ स्वच्छ पडायला लागली.

शिट्टी बंद, म्हणजे मेंढरं कशी वळवायची? मी डोकं लढवलं. मामांची एक शेवटची शिट्टी मोबाइलमध्ये भरून घेतली आणि भागवतचा, माझ्या नवऱ्याचा, लग्नातला स्पीकर रानात नेला. पहिल्या दिवशी मेंढरं खरंच वळली. स्पीकरभोवती गोल करून उभी राहिली आणि हलेनात. दुसऱ्या दिवशी ऐन शिट्टीत मला फोन आला, आणि एकशे चाळीस मेंढरांना आरोग्य केंद्राच्या मॅडमचा आवाज ऐकू आला, "वैष्णवीताई, लसीकरणाचं काय झालं?" मेंढरं चौफेर उधळली. गोळा करता करता दुपार झाली. मामा म्हणाले, "तुपलं सायन्स घरी ठेव."

आणि मग एका सकाळी अंगणातून मामांची हाक आली. हाक कसली, बोंबच ती.

"वैष्णवे! रगत!"

मी धावले. फरशीवर लाल चूळ. मामांचा चेहरा मात्र विजयी. "बगितलं? चाळीस वर्सं बिडी ओढली, थेंब न्हाई. सोडली अन् हे! मी काय म्हणत व्हतो? पंडित्याकडून बंडल आण मपलं!"

"मामा, डॉक्टर म्हणाल्या होत्या असं होणार म्हणून. रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की..."

"डॉक्टरीण लहान हाय. तिला काय कळतंय?"

मी तोंडाचा पट्टा सोडणार इतक्यात आत्याबाई उठल्या. पदर खोचला, मामांसमोर उकिडव्या बसल्या, एका हाताने जबडा धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्यांचा ओठ खाली ओढला. अगदी बाजारातल्यासारखा. मामा चाळीस वर्षं ज्या पकडीने मेंढ्या धरत आले, त्याच पकडीत सापडले. त्यांना बोलताही येईना.

"पोरी, आरसा आण," त्या म्हणाल्या.

मी आणला. आत्याबाईंनी तो मामांच्या नाकासमोर धरला. "बगा. दिवाळीला कसली व्हती ही हिरडी? पांढरी फटक. तसल्या हिरडीची मेंढी तुमी फुकट तरी घेतली असती का?"

मामांनी आरशात बघितलं. हिरडी गुलाबी झाली होती. कडेला लालसर. ते नाकातून "हं" म्हणाले.

"अन् आता? घ्याल का न्हाई?"

मामा आरशात बघतच राहिले. चाळीस वर्षांची पारख खोटी म्हणावी तर पंचाईत, खरी म्हणावी तर बिडी गेली. शेवटी आत्याबाईंनी ओठ सोडला तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "घेईन."

"अन् दुसरं. चार माणसांदेखत काय म्हणाला व्हता? एक थेंब रगत निघालं तर बिडी सोडीन. निघालं का न्हाई? आता तर सोडायलाच लागंल."

मी हसून हसून फरशीवर बसले. मामाही हसले, तोंडाला हात लावून, दात हलू नये म्हणून. त्या दिवशी मला माझी सासू इतकी आवडली की मी तिला गळामिठी मारली, आणि आमच्याकडे सुना असं करत नाहीत.

जानेवारी संपत आला. आत्याबाईंची तीन महिन्यांची साखर साडेनवावरून सव्वासातावर आली होती. मामांचं रक्त थांबलं, उजवा दात बऱ्यापैकी घट्ट झाला. डावा मात्र तसाच, ऐटीत झुलत होता. तेवढ्यात दिनकररावांचा निरोप आला. त्यांच्या रानातली तूर निघाली होती, मेंढरं बसवायला या म्हणून. हे रान म्हणजे कसोटी. बांधाच्या पलीकडे पंडितचा हरभरा, घाट्यांवर आलेला. मेंढरं त्यात घुसली असती तर वर्षाचं वैर आणि मामांची इज्जत मातीत. मामा आदल्या दिवसापासून जेवले नाहीत नीट.

दुपारी मी आणि आत्याबाई भाकरी घेऊन रानात पोचलो, तर नेमका तोच प्रसंग. पुढच्या दहाबारा मेंढ्यांना हरभऱ्याचा वास लागला होता. त्या बांधाकडे निघाल्या आणि बाकीची सगळी त्यांच्या मागे. मामा काठी घेऊन धावत होते, "हर्र हर्र" करत होते, पण मेंढरं यांच्या पुढे शंभर पावलं. बांधावर पंडित उभा, बिडी हातातच राहिलेली.

मग मामा थांबले. छाती भरून घेतली. मी ओरडले, "मामा, नका!" पण त्यांनी जीभ लावली आणि चाळीस वर्षांचा सगळा दम लावून शिट्टी घातली.

फुस्स.

तोंडातून काहीतरी पांढरं उडालं, उन्हात चमकलं आणि तुरीच्या धसकटांत पडलं. डावा दात. मामांनी पुन्हा फुंकलं. फुस्स. नुसता वारा. पहिली मेंढी बांधावर चढली होती. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता.

आणि माझ्या कानाजवळून शिट्टी गेली.

कान दणाणला माझा. लांब, शेवटी वर चढत जाणारी. वळून बघते तर आत्याबाई. भाकरीची टोपली जमिनीवर, दोन बोटं तोंडात, गाल आत ओढलेले, डोळे मिटलेले. त्यांनी दुसऱ्यांदा घातली, पहिलीपेक्षा खणखणीत.

एकशे चाळीस माना वळल्या. बांधावरची मेंढी टुणकन खाली उतरली. सगळा कळप धुरळा उडवत आमच्याकडे निघाला.

"आत्याबाई!" मी किंचाळलेच. "कुठं शिकलात?"

"माहेरी," त्या बोटं पदराला पुसत म्हणाल्या. "बापाची मेंढरं मीच वळवत व्हते. लग्न झालं तवा सासू म्हणली, बायामाणसानं शिट्टी घालू न्हाई. ठेवली मंग. अन् मागली सहा वर्सं तर हिरडीला बोट लावायची सोय न्हवती, न्हाई तर कवाच घातली असती."

चाळीस वर्षं! मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदमच आलं. पंडित बांधावरून टाळ्या वाजवत होता, बिडीचा चटका बसला तेव्हा थांबला.

मेंढरं आत्याबाईंभोवती येऊन उभी राहिली. धुरळा खाली बसला तसे त्या गर्दीच्या मधोमध मामा दिसले. तळहातावर तो दात धरून, मेंढरांच्या पाठींवरून वाट काढत ते सरळ तिच्याकडे चालत येत होते.

"अवो, मी मेंढरांला बोलावलं," आत्याबाई लाजून म्हणाल्या. "तुमी काहून आलाव?"

मामा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. फटीतून वारा जात असल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, तरी म्हणालेच.

"मला बी ऐकू आली की."